साडभाऊ, अम्माजी आणि समोरचा बल्ब

अख्ख्या जबलपुरात वीज गेली की आनंदानं टाळ्या वाजवणारा माणूस एकच आहे, आणि तो म्हणजे माझे साडभाऊ. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, हे यजमान खमरियाच्या दारूगोळा कारखान्यातल्या नोकरीतून निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या बरोबरीच्यांपैकी कुणी प्लॉट घेतला, कुणी गुडघे बदलून घेतले. यांनी दुर्बीण आणि कॅमेरा घेतला आणि घरच्या गच्चीवरून दूरदूरच्या दीर्घिकांचे फोटो काढायला लागले. गच्चीवर वाळणाऱ्या ताईंच्या कुरड्या जिन्यात आल्या. दुर्बिणीवर दव धरू नये म्हणून ताईंचा केस वाळवायचा ड्रायर वर गेला, तो कायमचाच. चंद्राशी तर साडभाऊंचं उभं वैर. कोजागिरीला सगळे दूध पीत चंद्राचं कौतुक करत असताना हे कोपऱ्यात तोंड पाडून बसलेले. "महिन्यातले दहा दिवस खाऊन टाकते हा माझे!"

एका फोटोला महिना लागू शकतो, हे मला त्यांच्यामुळेच कळलं. दीर्घिका इतकी फिकट, की तिच्यावर कॅमेरा रोखून पाच-पाच मिनिटांचे ढीगभर फोटो घ्यायचे आणि कंप्युटरवर एकावर एक रचून त्यातून एकच चित्र काढायचं. मी एकदा विचारलं, "देवयानी दीर्घिका काहून नाही घेत? ती तर चांगली मोठी दिसते म्हणे."

ते हसले. "देवयानी? ती तर शेजारीण आहे बाप्पा! पंचवीस लाख वर्षांत उजेड पोचते तिचा. मी कोटीवाली पकडून राहिलो."

खऱ्या शेजारणीशी मात्र त्यांचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. गल्लीपलीकडे, अगदी समोर, एक अम्माजी एकट्या राहायच्या. नवरा गेल्यापासून त्यांच्या गॅलरीत एक भला थोरला पांढरा बल्ब रात्रभर जळायचा आणि त्याचा सगळा उजेड साडभाऊंच्या फोटोत उतरायचा. साडभाऊ सांगायला गेले ते तावातावानंच. अम्माजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी त्या बल्बाशेजारी आणखी एक लावला.

गेल्या वर्षी होळीनंतर ताई त्यांच्याकडे लोणचं द्यायला गेल्या, तेव्हा खरं काय ते कळलं. अम्माजींना रात्री झोपच लागत नव्हती. कुणी दार ठोठावलं तर घरात हाक मारायला माणूस नाही, ही धास्ती. दिवा असला की बाहेरच्याला वाटावं, कुणीतरी जागं आहे. ताई घरी येऊन एवढंच म्हणाल्या, "तुम्ही तर रात्रभर जागेच असता. हे त्यांना सांगितलं का कधी?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच साडभाऊ समोर गेले. वेळ आली तर भांडण सोडवायला म्हणून मी मागोमाग.

"अम्माजी, बत्ती बंद कर दीजिए. पहरा मैं दूँगा."

"भरोसा कैसे हो, भैया?"

"हर घंटे आवाज लगाऊँगा."

आणि दिली की हाक! दर तासाला गच्चीवरून "अम्माजी, सब ठीक है!" आणि समोरच्या काळोखातून "हाँ भैया!" आठवडाभरानंतर एकदा मध्यरात्रीच्या हाकेला उत्तर आलं नाही. साडभाऊ घाबरून जिना उतरत धावले. ताईंनी दारातच त्यांचा हात धरला. "अहो, झोप लागली असेल त्यांना." सकाळी कळलं, खरंच झोप लागली होती. त्या रात्रीपासून साडभाऊ बारानंतरची हाक कुजबुजत द्यायला लागले. "आता काहून द्यायची?" मी विचारलं. तर म्हणाले, "शब्द दिला ना मी."

फोटो झाला. काळ्याभोर आकाशात कुणी चिमूटभर पीठ फुंकून गरगर फिरवावं, तशी ती दीर्घिका. ओमतीतल्या दुकानातून फ्रेम करून घेऊन साडभाऊ तो घरी न आणता थेट अम्माजींकडे घेऊन गेले. अम्माजींनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं.

"इतनी दूर से आई है रोशनी? रास्ते में कहीं रुकी नहीं?"

"नहीं, अम्माजी."

"बड़ी हिम्मतवाली है," म्हणत त्यांनी ती फ्रेम नवऱ्याच्या फोटोशेजारी ठेवली.

दसऱ्याच्या सुमारास अम्माजींचा मुलगा त्यांना आपल्याकडे रायपूरला घेऊन गेला. सामान ट्रकमध्ये चढलं, फ्रेम मात्र त्यांनी मांडीवर घेतली. दीर्घिकेवर सलग दोन तास बोलू शकणारे साडभाऊ गाडीच्या खिडकीशी वाकून एवढंच म्हणाले, "पहुँचकर फोन करवा देना."

दिवाळीनंतर एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. समोरच्या घराला कुलूप होतं. चंद्र नव्हता, ढग नव्हते, गॅलरीतही उजेड नव्हता. साडभाऊ कठड्याला टेकून चहा पीत होते आणि दुर्बिणीवरचं कापड अजून तसंच होतं.

"आता तर मनासारखा अंधार मिळाला तुम्हाला," मी म्हटलं.

त्यांनी समोर पाहिलं. कपातला उरलेला चहा संपवला.

"हो," ते म्हणाले. "पण इतका नव्हता मागितला मी."