कलाबाईचा न खणलेला तुकडा

कलाबाईच्या वरकस तुकड्यात मोहरांचा हंडा पुरलाय, ही कुजबुज मी पहिल्यांदा घोटीच्या बाजारात ऐकली. मी ती पसरवली नाही. भेटेल त्याला सांगितली, एवढंच.

संशयाला कारण होतं. नव्वद सालानंतरची गोष्ट. तिच्या ट्रकवाल्या जावयाने तमिळनाडूतल्या सेलमकडून साबुकंदाची कांडं आणली. साबुदाणा होतो तोच हा कंद. बाईने ती भातखाचरांच्या वरच्या त्या वरकस उतारावर लावली. झाडं कमरेला आली की शेंडे नि पानं कापायची, ताजी शेळीला बाधतात म्हणून खळ्यावर कडक वाळवायची. पण कंद? चार वर्षांत एकदाही कुदळ लावली नाही. कोणी मातीला हात लावला की अंगावर यायची. कंद लावून न खणणारी बाई आम्ही पाहिली नव्हती.

बरं, तेव्हापासून ती उन्हाळ्यात दिंडोरीला द्राक्षाच्या छाटणीला जाईनाशी झाली. निम्मं गाव बिऱ्हाड उचलून जायचं आणि ही पाच शेळ्या घेऊन आपल्या ओट्यावर. मग खाते काय? हंडाच असणार.

तिचा दीर पुंजा फार दिवस दम धरणारा नव्हे. एकदा ती बाजाराला गेलेली पाहून त्याने भरदुपारी दोन ओळी उलथून टाकल्या. हाती आले मनगटाएवढे, लाकडासारखे कंद. कलाबाई परतली तेव्हा तो मातीने माखून खड्ड्यात, आणि मी बांधावर. मी आपला सहज तिकडून चाललो होतो.

ती ओरडली नाही. आडव्या झाडांकडे बघत पाटी उतरवली.

"गावला का हंडा, भावजी?"

"नाय, वयनी."

"मंग उन्हाळ्यात माझ्या शेळ्या काय खातील? का मलाच धाडता दिंडोरीला?"

पुंजा खड्ड्यातून वर आला. तिने त्याच झाडांची वीतभर कांडं तोडून त्याच्याकडूनच लावून घेतली आणि फुटेपर्यंत विहिरीचं पाणी हंड्याने त्याच्याच डोक्यावरून आणवलं. हंडा मिळाला तो असा. पुढच्या उन्हाळ्यातही कलाबाई घरीच होती, आणि तिच्याकडचा दुधाचा चहा प्यायला पुंजा रोज हजर. मीही.

त्या तुकड्यात काही पुरलेलं नव्हतं. कंद जमिनीत राहिला तर कापलेलं झाड पुन्हा फुटतं. तिला कंद नको होता, उन्हाळ्यात शेळ्यांना घालायला वाळला पाला हवा होता; त्यांच्या दुधावरच तिचं भागायचं.