कबूल कर आणि घरी जा

ती घटना आठवली की आधी माझंच एक वाक्य आठवतं. चूक माझी होती, हे सुरुवातीलाच सांगतो.

सोनारीच्या भैरवनाथाच्या यात्रेचा बंदोबस्त होता. दारू पिऊन मारामारी करणारी काही पोरं आम्ही उचलली. त्यात वाशी तालुक्यातला एक तरुण होता. सकाळी कोर्टात न्यायच्या आधी मी त्याला म्हणालो, "केस लढलास तर वर्षभर तारखांना चकरा मारशील. कबूल कर, दंड भर आणि घरी जा. पुढं काही राहत नाही."

यात्रेत धरलेल्या सगळ्यांना आम्ही हेच सांगायचो. पोरं मोकळी व्हायची आणि आमचीही प्रकरणं निकाली निघायची.

काही वर्षांनी माझी बदली वाशी भागात झाली. एका लष्करी कारखान्यात सुरक्षा रक्षक म्हणून निवड झालेल्या तरुणाची चारित्र्य पडताळणी माझ्याकडे आली. गावात चौकशी केली, तर सरपंच हसले. "पयले घेत व्हता साहेब. आता वरातीतबी सरबत मागतो, पोरं चिडवत्यात त्याला."

दुसऱ्याच दिवशी ठाण्यात निनावी फोन आला, "त्याच्यावर दारूची केस हाय, नीट बघा."

जुनं रेकॉर्ड मागवलं. यात्रेतला गुन्हा निघाला, कबुलीवर झालेली दंडाची शिक्षाही निघाली. अर्जात मात्र शिक्षेच्या प्रश्नापुढं त्यानं 'नाही' लिहिलं होतं. मी त्याला बोलावून घेतलं.

"का लपवलंस?"

"वळखलं न्हाय व्हय साहेब? तुमीच म्हणलं व्हतं, पुढं काही राहत न्हाय. म्या खरं धरलं."

"आणि दारू?"

"भैरवनाथाच्या पायरीला हात लावून तवाच सोडली."

तरुणपणीची एक चूक वरच्यांनी कदाचित पोटात घातली असती. माहिती दडवलेली ते खपवून घेत नाहीत, हे मला ठाऊक होतं. मी अहवालात गुन्हा, शिक्षा आणि दडवलेली माहिती लिहिली. सगळं खरं होतं. फक्त माझं वाक्य त्यात नव्हतं. असा सल्ला द्यायला कुणी सांगितलं होतं, असं वरिष्ठांनी विचारलं असतं, म्हणून मी ते गाळलं. त्याची निवड रद्द झाली.

खाकीतला माणूस सहज बोलतो, पण ऐकणारा तो कायदा समजतो. हे मला फार उशिरा कळलं.

निवृत्तीनंतर विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करण्याचं त्याचं दुकान शोधत गेलो. तो एका जळालेल्या मोटारीत नवी तार भरत बसला होता. त्यानं स्टूल पुढं केलं, मी उभाच राहिलो.

"आता भरतीचं वय गेलं साहेब," तो म्हणाला.

"माहीत आहे. तुला खोटं सांगितलं मी आणि खोटा ठरवलं तुला. अहवालात माझंही नाव लिहायला हवं होतं, मी घाबरलो. मला माफ कर."