बहिणीची अळणी भाकर

माझ्या मोठ्या बहिणीच्या गळ्याला लग्नाआधीच गाठ आली होती. आमच्या डोंगरपाड्यावर बऱ्याच बायकांना अशा गाठी होत्या, म्हणून कुणाला त्याचं काही वाटलं नाही. पण तिला दिवस गेले आणि नवरा वीटभट्टीवर जाणार म्हणून तिसऱ्या महिन्यातच तिला माहेरी सोडून गेला, तेव्हा गाठ पेरूएवढी झाली होती. जरा चाललं की धाप लागायची. आईचं धाबं दणाणलं. तिने भगताला बोलावलं.

भगताने गाठ दाबून पाहिली, तांदूळ टाकले आणि म्हणाला, "खाऱ्यानं सुजलाय गळा. मीठ बंद, सुकी मासळी बंद. नायतर गाठ पोराच्या गळ्याला उतरंल."

झालं! आईला तेवढंच पुरे होतं.

तेव्हा तारापूरला बिजलीघराचं काम निघालं होतं. बा तिथे माती उचलायला जायचा आणि येताना सुके बोंबील, सुकट आणायचा. भाकरीबरोबर आमच्याकडे दुसरं होतं तरी काय? आम्ही सगळे बोंबील भाजून खायचो, आणि जिच्या पोटात बाळ, तिच्यापुढे नागलीची अळणी भाकर नि अळणी डाळीचं पाणी. मला असा संताप यायचा! एकदा मी तिला हळूच बोंबलाचा तुकडा दिला. तिने तो तोंडात टाकला, डोळे मिटले, तेवढ्यात आई चुलीपासून उठली, तिचा जबडा धरला नि बोट घालून तुकडा बाहेर काढला. "पोराच्या जिवावर उठलीस का गं सटवे?" म्हणाली, आणि स्वतःच रडायला लागली. माया काय कमी होती तिची? त्या मायेनेच घात केला.

मुलगा झाला. गळा स्वच्छ. आईने भगताला कोंबडा दिला. पोर फारसं रडायचंच नाही. आई म्हणायची, "गुणाचं हाय गं बाय, गुणाचं." कसलं गुणाचं नि कसलं काय! वर्ष झालं तरी मान धरेना. मागे थाळी आपटली तरी वळून बघेना. शेवटी बा आम्हा सगळ्यांना घेऊन पालघरला डॉक्टरकडे गेला.

डॉक्टरने पोराला तपासलं, बहिणीचा गळा पाहिला, मग खाणंपिणं विचारलं. आईने तोऱ्यात सांगितलं, बाळंत होईपर्यंत पोरीला खाऱ्याला शिवू दिलं नाही. डॉक्टर म्हणाला, "बाई, डोंगराच्या मातीपाण्यात एक गोष्ट कमी असते, म्हणून गळा सुजतो. तीच गोष्ट समुद्राच्या मासळीत असते. पोटातल्या बाळाच्या मेंदूला नि कानांनाही ती लागते."

"मग आता देते ना," आई म्हणाली. "रोज देते."

"आता दिली तरी ह्याला ऐकू येणार नाही. बोलणारही नाही."

घरी येताना आई वाटेतच मटकन बसली आणि तिने बहिणीचे पाय धरले. "माजं चुकलं गं बाय." बहिणीने पाय सोडवून घेतले.

"ह्याच्या तोंडून मला कदी 'आई' ऐकायला मिळणार नाय," ती म्हणाली. "तुला तरी का मिळावं?"

त्यानंतर आई पुष्कळ वर्षं जगली. शेवटी अंथरुणाला खिळली, तेव्हा बहिणीनेच तिला आंघोळ घातली, घास भरवले. हाक मात्र एकदाही मारली नाही.