मागे न वळलेली होडी

नानाच्या तेराव्याला, जेवणाच्या पंगती उठल्यावर, पुतण्या माझ्याजवळ येऊन बसला. आमच्या समाजाचं एक मासिक निघतं. गेलेल्या माणसाविषयी घरातलं कोणी दोन पानं लिहून देतं आणि ती फोटोसह छापून येतात.

"काका, तुम्हीच लिहा," तो म्हणाला. "आणि अंदमानचं नक्की घ्या. तुम्ही होडी परत पाठवली ते."

मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी जळगावहून धुळ्याला परत आलो, टेबलावर कोरे कागद ठेवले, आणि तीन आठवडे त्यावर एक ओळ उमटली नाही. मला लिहायला वेळ लागतो हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. दोन ओळींच्या पत्राचाही मी आधी कच्चा खर्डा करतो. म्हणून कोणी काही विचारलं नाही. पण या वेळी अडलं होतं ते दुसऱ्याच कारणाने. मी होडी परत पाठवली नव्हती.

नाना माझा थोरला भाऊ, सहा वर्षांनी मोठा. आमचं गाव भडगावजवळ, गिरणेच्या काठावर. पावसाळ्यात नदी दुथडी वाहायला लागली की गावातली पोरं काठावर उभी राहायची आणि नाना पाण्यात असायचा. मी झाडाखाली पुस्तक घेऊन त्याचे कपडे सांभाळायचो. पुढे तो जळगावला केळीच्या वॅगन भरणाऱ्या टोळीचा मुकादम झाला. मी धुळ्याच्या एका शाळेत भूगोल शिकवू लागलो. तो मोठ्याने बोलायचा, मोठ्याने हसायचा, आणि चारचौघांत माझी ओळख करून देताना "हा आमचा मास्तर" असं म्हणून माझ्या पाठीवर थाप मारायचा. मला ती थाप आवडायची. त्याने मला भाऊ म्हणून क्वचितच हाक मारली असेल.

ऐंशीनंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. जळगावच्या एका गृहस्थाने मे महिन्याच्या सुटीत अंदमानची सहल काढली. आधी कलकत्त्यापर्यंत रेल्वे, मग जहाज. आमच्यापैकी कोणी समुद्र पाहिला नव्हता. नानाने दोन्ही घरांची नावं परस्पर नोंदवून टाकली. मी कुरकुर केली तर म्हणाला, "पोरांना नकाशात दाखवतोस ना बेटं? आता एकदा पाय ठेवून ये." तो, वहिनी आणि अकरा वर्षांचा पुतण्या, मी, बायको आणि आमची सहा वर्षांची मुलगी. सहलीबरोबर स्वयंपाकी होता, ज्वारीचं पीठ होतं, मिरच्यांचं पोतं होतं. तिकडच्या जेवणावर आमचा कोणाचा भरवसा नव्हता.

शेवटून दुसऱ्या दिवशी आम्हाला एका लहान बेटावर नेलं. इंजिन बसवलेल्या लाकडी होड्या होत्या, एकेकीत सहा-सात माणसं. होडीत नारिंगी जाकिटं होती, पण फळ्या उन्हाने तापल्या होत्या, म्हणून आम्ही ती खाली घालून त्यांच्यावर बसलो. बेटावर पांढरी वाळू होती, आणि पाण्याचा रंग असा की नाना बराच वेळ बघत उभा राहिला. मग कपडे काढून आत शिरला आणि तासभर बाहेर आला नाही.

दुपारी दोनच्या सुमाराला आमचा होडीवाला, पन्नाशीतला, काटक, पानाने दात लाल झालेला, आमच्यापाशी आला.

"चलो बाबूजी, हवा बदल रहा है."

आम्ही वर पाहिलं. आकाश स्वच्छ होतं. खिचडी अजून चुलीवर होती.

"खिचडी होऊ द्या की," नाना म्हणाला. "उपाशी माणसाला समुद्र पार नेत नाही." सगळे हसले. निघायला तीन वाजून गेले. पाच होड्या होत्या. तीन पुढे निघून गेल्या. चौथ्या होडीत मी, माझी बायको, मुलगी आणि चाळीसगावचं एक वयस्क जोडपं. शेवटच्या होडीत नाना, वहिनी, पुतण्या आणि धुळ्याचं एक कुटुंब. ती आमच्या होडीवाल्याचा जोडीदार चालवत होता.

निम्मी वाट संपली असेल. डाव्या हाताला क्षितिजावर एक काळी पट्टी दिसली. ती ढगासारखी वर न चढता पाण्यावरून सरकत येत होती. मी ती मुलीला दाखवतोय तोवर वारा आलाच. माझी टोपी गेली. लाटा एकदम आखूड आणि उंच झाल्या, पाऊस आडवा मारू लागला.

आमच्याकडे चैत्र-वैशाखात शेतातून वावटळ उठते तेव्हा काय करायचं हे लहान पोरालाही माहीत असतं. वाऱ्याकडे पाठ करून खाली बसायचं, डोक्यावरून उपरणं किंवा पदर घ्यायचा, डोळे मिटायचे. पाच मिनिटांत ती पुढे जाते. मी तेच केलं. शिवाय उठून मागच्या होडीकडे पाहून ओरडलो, "पाठ करा! वाऱ्याकडे पाठ करून बसा!"

नाना जवळच होता, वीस-पंचवीस हातांवर. त्याला ऐकू गेलं. मास्तर सांगतोय म्हटल्यावर त्याने सगळ्यांना उठवलं. सगळी माणसं पाठ करायला एकाच अंगाला सरकली आणि होडी कलली. एक लाट आत शिरली. दुसरी शिरली. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

आमच्या होडीवाल्याने मला खांद्याला धरून खाली बसवलं. "बीच में! सब बीच में बैठो!" मग मागे पाहिलं आणि वेग कमी केला. आमच्यात आणि त्यांच्यात अंतर वाढत होतं. त्यांची होडी आडवी झाली होती. नाना खिचडीच्या पातेल्याने पाणी उपसत होता. वहिनींनी पोराला पोटाशी घट्ट धरलं होतं.

होडीवाला माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "बाबूजी, घुमाऊं? रस्सी फेंक के बांध लेंगे."

किनारा दिसत होता. माझी मुलगी उलटी करत होती, तिची बोटं माझ्या सदऱ्यात रुतली होती. त्याने मला का विचारलं असेल, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. होडी त्याची होती, समुद्र त्याला माहीत होता. पण माणसं माझी होती, म्हणून त्याने विचारलं.

"नहीं," मी म्हणालो. "पहले किनारा. उसको तैरना आता है."

नानाला पोहता येत होतं हे खरं होतं. वहिनींना येत नव्हतं. पुतण्याला येत नव्हतं. धुळ्याच्या त्या तिघांना येत नव्हतं. हे सगळं मला त्या क्षणीही माहीत होतं. बोलताना मी घाबरलेला होतो, पण काय बोलतोय हे मला कळत होतं.

होडीवाल्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि वेग वाढवला. चाळीसगावचं जोडपं डोळे मिटून नामस्मरण करत होतं. माझ्या बायकोने मात्र सगळं ऐकलं.

किनाऱ्याला लागल्यावर त्याने आम्हाला एकेक करून गुडघाभर पाण्यात उतरवलं. मुलीला स्वतः उचलून वाळूवर ठेवलं. मग कोणाशी काही न बोलता होडी वळवली आणि एकटाच त्या पावसात परत गेला. मी त्याला जा म्हटलं नाही. त्याने विचारलंही नाही. मी वाळूवर बसून मुलीचे बूट काढत होतो, त्यातलं पाणी ओतत होतो. आत्ताही ते बूट मला स्पष्ट दिसतात, कारण मी दुसरीकडे कुठे बघत नव्हतो.

अर्ध्या तासाने दोर बांधून त्याने ती होडी ओढून आणली. सगळे होते. नाना उतरला. पोराला वहिनींकडे देऊन तो थेट माझ्याकडे आला आणि मला मिठी मारली. मी त्याला रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

"तू पाठवलीस म्हणून," तो म्हणाला. "मास्तर, तू होडी पाठवलीस म्हणून."

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो.

संध्याकाळी मुक्कामाच्या खोलीत ओले कपडे दोरीवर टाकताना बायको म्हणाली, "त्यांना सांगून टाका."

"उद्या सांगतो."

तिने तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

नानाने मात्र तो कायमचा काढून ठेवला. लग्नात, बारशात, वॅगन भरून झाल्यावर चहाच्या टपरीवर, कुठेही. त्याचे दोन भाग असायचे. पहिला भाग माझी टिंगल. "हा ओरडला, पाठ करा! भूगोलाचा मास्तर हो! आम्ही लेकाचे पाठ करून बसलो. समुद्राने अशी पाठ घासून दिली, दिवाळीच्या आंघोळीला कोणी घासली नसेल!" लोक हसून लोटपोट व्हायचे आणि मीही हसायचो. ती चूक माझी होती, पण आमच्याकडच्या कुठल्याही माणसाने तीच केली असती. तिची मला लाज वाटत नव्हती. तिच्या आड मला छान लपता यायचं. मग नाना आवाज खाली आणायचा. "पण किनाऱ्याला लागल्या लागल्या यानेच होडी परत धाडली. पोरगी आजारी, बायको भिजलेली, तरी आधी आमचं बघितलं." तेवढ्यात माझी बायको उठून स्वयंपाकघरात जायची. दर वेळी. नानाच्या ते कधी लक्षात आलं की नाही, मला माहीत नाही.

असं पंधरा-सोळा वर्षं चाललं. सुरुवातीला वाटायचं, योग्य वेळ बघून सांगू. नंतर वाटू लागलं, आता सांगितलं तर मधल्या सगळ्या वर्षांचंही सांगावं लागेल. चैत्रात त्याला झटका आला. मी धुळ्याहून पोचेपर्यंत तो गेला होता.

दहा दिवस लोक दारावर येत होते. येणारा प्रत्येक जण जरा टेकायचा आणि मग नानाच्याच आवाजात सांगायला लागायचा, "पाठ करा, पाठ करा!" रडता रडता माणसं हसायची. आणि मग माझ्याकडे बघायची, कौतुकाने.

चौथ्या आठवड्यात मी कोरे कागद पिशवीत घालून जळगावची एसटी पकडली. वहिनी ओसरीत सुपात उडीद घेऊन निवडत होत्या. पुतण्या कामावर गेला होता. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं, होडीवाल्याने काय विचारलं आणि मी काय म्हणालो तेही, त्याच शब्दांत.

वहिनींचा हात सुपात थांबला. त्या एरवी माझ्याशी शाळेतल्यासारखं नेटकं बोलतात, मी शिकलेला म्हणून. त्या दिवशी तसं बोलल्या नाहीत, अहिराणीत बोलल्या.

"त्यासनी बठ्ठासले सांगं," त्या म्हणाल्या. "आन् तुम्ही आयकत बठनात."

समुद्रातल्या त्या अर्ध्या तासाबद्दल एक शब्द नाही. मी ज्याची लाज बाळगून आलो होतो ती त्यांनी बाजूला ठेवली आणि दुसरीच, मोठी, माझ्यापुढे ठेवली. नाना सगळ्यांना सांगत होता आणि मी ऐकत बसलो होतो. कितीदा, कुठे कुठे, कोणाच्या घरी. ते मला एकेक आठवू लागलं.

थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा निवडायला घेतलं. "माले काय सांगतस? पोऱ्याले सांगा."

पुतण्या साडेपाचला आला. हातपाय धुऊन, चहा घेऊन समोर बसल्यावर त्यालाही सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं, तसं झालं नाही. तो सव्वीस-सत्तावीस वर्षांचा माणूस कपातल्या चहाकडे बघत राहिला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.

"म्हणजे कोणी पाठवलीच नव्हती," तो शेवटी म्हणाला.

"नाही. तो आपणहून आला."

"मग लिहा तसंच."

"मासिकात?"

"हो. आणि त्याचं नाव लिहा. होडीवाल्याचं. निदान ते तरी छापून येऊ दे."

वहिनींनी आतून मान वर केली. दोघंही माझ्या उत्तराची वाट बघत होते. समुद्रातून परत आल्यावर त्या होडीवाल्याने होडीतून आमच्या सगळ्यांच्या चपला गोळा करून वाळूवर जोडीने मांडून दिल्या होत्या, आणि पुढचा एक पूर्ण दिवस आम्ही त्याच गावात होतो. तरी त्याचं नाव मी विचारलं नव्हतं.