अधिक महिन्यात अडकलेली आफ्रिका

रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या कोणत्याही मराठी घरी चहाला गेलात, तर कपातली साखर विरघळण्याआधी तुम्हाला सांगितलं जाईल, की मी आफ्रिकेत वाघ पाहायला निघालो आहे. ही कथा माझ्या मुलाने जन्माला घातली, सुनेने तिला रंगरूप दिलं आणि पुरानी बस्तीत राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाने तिला शेपूट जोडलं. मी अजून हयात आहे, याचा तिघांनाही विसर पडलेला दिसतो. ज्या माणसाने उभी नोकरी रेल्वेच्या कंट्रोलमध्ये, कोणती गाडी कुठे अडली आणि कोणामुळे अडली हे ठरवण्यात घालवली, त्याच्याच बाबतीत घटनाक्रम फिरवून सांगायचा म्हणजे धाडस झालं. म्हणून हा खुलासा.

मुळात आफ्रिकेची कल्पना माझी नव्हे, माझ्या पत्नीची. दुपारची जेवणं आटोपली की ती टीव्हीवर प्राण्यांचा कार्यक्रम लावते. आवाज बंद ठेवते, कारण निवेदकावर तिचा विश्वास नाही. "त्याले काय माहीत जनावराच्या मनातलं?" असं तिचं म्हणणं. या मूक कार्यक्रमांत एक प्राणी तिच्या मनात भरला: विल्डबीस्ट. तोंड गाईचं, दाढी बोकडाची, पाठ मागे उतरलेली. एकंदर बांधणी घाईत उरकल्यासारखी. चाऱ्यामागे फिरत यांचे अफाट कळप मारा नदीच्या काठाशी येतात, पाण्यातल्या मगरी पाहून थबकतात, मागे फिरतात, पुन्हा येतात. मग कुठलासा एक उडी घेतो आणि बाकीचे त्याच्यामागे कोसळतात. हे दृश्य सुरू झालं की आमच्या घरी दारावरची घंटासुद्धा कोणी ऐकत नाही. एके दुपारी लसूण सोलता सोलता ती म्हणाली, "एकदा हे खरंखुरं पाहायले भेटलं पाहिजे."

सून सांगते, की इतक्या वर्षांच्या संसारात सासूबाईंनी स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट. हे साफ खोटं आहे. याआधी तिने मिक्सर मागितला होता. मिक्सर घरासाठी होता, हा सुनेचा युक्तिवाद मी तूर्त बाजूला ठेवतो.

शंकर नगरात सहली ठरवून देणारं एक कार्यालय आहे. जाणारे आम्ही चौघे, म्हणजे मी, पत्नी, मुलगा आणि सून, एका संध्याकाळी तिथे गेलो. टेबलापलीकडच्या मुलीने नकाशा पसरला. अरुशाला उतरायचं, मग तारांगिरेचे हत्ती, मग न्गोरोंगोरोचं विवर, आणि शेवटी सेरेंगेटी ओलांडत उत्तरेला मारा नदीचा काठ. मी तिला जो प्रश्न विचारला, तो शब्दशः असा होता: "बेटा, हमारे यहाँ लोग जंगल जाते हैं और बाघ देखे बिना लौट आते हैं. वहाँ लोग क्या देखे बिना लौटते हैं?"

जाणत्या माणसाला या प्रश्नातली खोच कळेल. त्या मुलीला कळली. ती हसून म्हणाली, "गेंडा, अंकल." आमच्या मुलाने मात्र प्रश्नाचा उत्तरार्ध गाळला, पूर्वार्धातला वाघ तेवढा उचलला आणि त्याच संध्याकाळी काकाला फोनवर विकला.

आराखडा मी हाती घेतला. त्याबद्दलही कुजबुज आहे, पण माझी पद्धत कंट्रोलची आणि ती मी बदलणार नाही. कागदावर आडवी वेळ, उभी ठिकाणं, आणि आपली जीप म्हणजे त्यातून तिरपी जाणारी रेघ. गाडी थांबली की रेघ आडवी होते. कार्यालयातल्या मुलीने तारांगिरे आणि विवर दोन्ही एकाच दिवसात कोंबले होते. मी तिला कागदावर दाखवलं, की त्या दिवशी आमची रेघ कुठेही आडवी होत नाही. आणि न थांबणाऱ्या गाडीतून हत्ती दिसला तर तो फक्त मागून दिसतो. तिने निमूटपणे एक मुक्काम वाढवला. सून म्हणते, मुक्काम तिच्या सांगण्यावरून वाढला. तिने तेव्हा एवढंच विचारलं होतं, की विवराच्या काठावर थंडी असते का.

आता मुख्य आरोपाकडे येतो.

"कब जाना है, अंकल?" असं मुलीने विचारलं, तेव्हा मी एकच वाक्य बोललो: "महालक्ष्मी हो जाने के बाद." भाद्रपदात पुण्यामुंबईकडे ज्यांना गौरी म्हणतात, त्या आम्हा वैदर्भीयांच्या महालक्ष्म्या. आमच्या त्या उभ्याच्या, म्हणजे मुखवटे बसवून, साड्या नेसवून उभ्या केलेल्या. आजोबांनी विदर्भातून येताना पितळी मुखवटे सोबत आणले. ज्येष्ठा, कनिष्ठा आणि त्यांची बाळं घरात आली की आमच्याकडे घर सोडून कोणी गावाबाहेर जात नाही. तेव्हा माझं वाक्य पूर्ण होतं, निर्दोष होतं, आणि कोणत्याही वर्षी खरं ठरेल असं होतं.

त्या वाक्याची तारीख कोणी केली? मुलाने. कशी केली? खिशातून फोन काढला, गेल्या वर्षी महालक्ष्म्यांपुढे काढलेला फोटो शोधला, त्याखालची तारीख वाचली आणि मुलीला म्हणाला, "इसके पंद्रह-सोलह दिन बाद का रख दो." हिवाळ्याचे दिवस होते, पंचांग कोणी उघडलं नाही. विमानाची तिकिटं झाली, नदीकाठचे तंबू ठरले, आणि आम्ही परत येताना चाट खाल्ली.

मग आला उन्हाळा, आणि उन्हाळ्यात आला अधिक महिना. ज्यांना हा प्रकार ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: दर दोन-तीन वर्षांनी आपल्या पंचांगात एक महिना जास्तीचा घुसतो आणि त्यानंतरचे सगळे सण पुढे ढकलतो. या महिन्यात जावयाला अनारशांचं वाण द्यायची रीत आहे. विहीणबाई नागपूरहून ताटभर अनारसे आणि दिवा घेऊन आल्या. कूलर घरघरत होता, मुलगा पाटावर बसला होता आणि जावईपण निभावत एकामागून एक अनारसे संपवत होता. पत्नी ताटावरचा दिवा सरळ करायला वाकली आणि तशीच थांबली.

"अधिक आहे," ती म्हणाली.

"म्हणून तर आणले ना अनारसे," विहीणबाई हसल्या.

"तसं नाही हो. अधिक आहे म्हणजे भाद्रपद लांबला. महालक्ष्म्या लांबल्या."

मुलाचं चावणं थांबलं. सुनेने भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटली, एकदा तिकिटाकडे पाहिलं, पुन्हा कॅलेंडरकडे पाहिलं. महालक्ष्म्या येणार त्या दिवशी आम्ही विमानात असणार होतो आणि त्या जेवणार त्या दिवशी तारांगिरेत.

ज्या माणसाच्या दाढेखाली अधिक महिन्याचा अनारसा होता, त्याने तो न गिळताच मला विचारलं, "बाबा, टिकट तो आपने चेक किया था ना?"

तपासलं होतं. मी विमानांच्या वेळा तपासल्या होत्या, आणि मधल्या बदलाला मिळणारा अवधी तपासला होता. गाडी वेळेवर सुटते की नाही हे कंट्रोल पाहतं. त्या दिवशी प्रवाशाच्या घरी कोणता देव येणार, हे पाहणं कंट्रोलच्या कक्षेत येत नाही. हे मी शांतपणे सांगितलं. "बाबा ओरडले" हा सुनेचा पाठ आहे. घरघरणाऱ्या कूलरच्या वर आवाज चढवावा लागतो, विहीणबाईंना विचारावं.

दुसऱ्या दिवशी शंकर नगरच्या मुलीने सांगितलं, की पुढच्या दिवसांत नदीकाठी तंबू नाहीत, आणि त्याहून पुढे गेलं तर काठावर विल्डबीस्टही नाहीत. कळप काही आपल्या भाद्रपदासाठी थांबत नाही. मुलगा म्हणाला, "आई, वीडियो कॉल पे आरती कर लेंगे." पत्नीने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो फोन चार्जिंगला लावायला आतल्या खोलीत निघून गेला.

मग ती म्हणाली, "तुम्ही तिघं जाऊन या. मी राहते. महालक्ष्म्या घरी येणार अन् मी काय जनावरं पाहत फिरू?"

त्यात राग नव्हता. राग असता तर मी उत्तर दिलं असतं. रागाला उत्तर देण्यात माझा हात धरणारा रायपुरात कोणी नाही. ती नुसतं सांगत होती. त्या दुपारी तिने टीव्ही लावला नाही. दुसऱ्या दुपारीही नाही.

यावर उपाय एकच होता आणि तो घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होता. उच्चारण्याची हिंमत मात्र कोणात नव्हती. मुखवटे एका वर्षासाठी माझ्या भावाकडे द्यायचे. मी थोरला, म्हणून महालक्ष्म्या माझ्याकडे. भाऊ कैक वर्षांपासून म्हणत आला, की एखाद साल त्याच्याकडेही बसवाव्या. आणि मी म्हणत आलो, की त्याचा जिना अरुंद आहे. भावाच्या सांगण्यात मी "देवी तुझ्याकडे यायच्या नाहीत" असं म्हणालो होतो. मी फक्त जिन्याबद्दल बोललो होतो. जिना आजही अरुंद आहे.

एका सकाळी मी ऑटो करून पुरानी बस्तीत गेलो. आता भाऊ जिथे तिथे सांगतो, की "दादा माह्या दारात हात जोडून उभे होते." हात जोडलेले होते, हे सत्य आहे. त्याच्या दारासमोर देऊळ आहे. देवळासमोर माणूस हात जोडतो, आणि जोडलेले हात सोडण्याआधी मागून कोणी दार उघडलं नि तो तसाच वळला, तर तो दार उघडणाऱ्याचा उतावळेपणा.

"काहून दादा? रस्ता चुकले का?" तो म्हणाला.

"आत तर येऊ दे."

"या ना. जिना अरुंद आहे, सांभाळून या."

मी सांभाळून वर गेलो. बसलो. पाणी प्यालो. त्याने पंखा वाढवला आणि समोर बसून राहिला. माझा भाऊ बोलका आहे. तो गप्प बसला की समजावं, त्याला सगळं कळलेलं आहे आणि मजा येते आहे.

"या साली महालक्ष्म्या तुह्याकडं बसवाव्या म्हणतो," मी म्हणालो.

"सांगून राहिले का विचारून राहिले?"

"त्यात फरक काय?"

"लय फरक आहे, दादा. सांगून राहिले असान तर माहा जिना अरुंद आहे."

आतून त्याच्या बायकोचा आवाज आला, "अहो, पुरे करा ना! भाऊजी, चहात साखर किती?"

"विचारून राहिलो," मी म्हणालो.

"काय?"

"विचारून राहिलो, असं म्हटलं. ऐकू येत नसन तर कानाच्या डॉक्टरकडं जा."

"ऐकू आलं. पण फिरून ऐकायले बरं वाटते." तो हसला, आणि लगेच अट घातली. "एक साल तुमच्याकडं, एक साल माह्याकडं. ह्याच सालापुरतं नाही. आलटून पालटून, कायम."

ही लबाडी होती. माझी अडचण त्याला ठाऊक होती आणि त्याने तिचं पुरेपूर मोल वसूल केलं. कोणत्याही दुसऱ्या प्रसंगी मी उठून आलो असतो. पण दोन दुपारी बंद राहिलेला तो टीव्ही माझ्या डोळ्यांपुढे होता. मी "हव" म्हणालो. या भागात हव म्हटलं की होकार पक्का समजतात, मागे फिरता येत नाही. माझा गळा भरून आला, असं भाऊ सांगतो. चहा कढत होता.

घरी आलो तेव्हा पत्नी दारातच होती. मी चप्पल काढण्याआधी तिने विचारलं, "कायमचं मागितलं ना त्यानं?"

"तुले कसं माहीत?"

मग उलगडा झाला. या दोघी जावांचं सगळं फोनवर आधीच ठरलेलं होतं. सोळा भाज्या कोणी आणायच्या, आंबील कोण करणार, साड्या कोणत्या नेसवायच्या, इतकंच नव्हे तर वर्षाआड आलटापालट करायची हेसुद्धा. भावालाही ठाऊक होतं. मुलाला आणि सुनेलाही होतं. त्यामुळे आता घरात नवी कथा रुजली आहे: निर्णय बायकांनी घेतला, बाबांना फक्त ऑटोत बसवून पाठवलं.

या कथेला माझा ठाम विरोध आहे. मला कोणीही पाठवलं नव्हतं. ऑटो मी स्वतः थांबवला, भाडं मी स्वतः ठरवलं.

मुखवट्यांची पेटी आम्ही दोघं मिळून पोचवली. ती जिन्यावरून सहज वर गेली. पेटी लहान आहे, यावरून जिना रुंद ठरत नाही. पत्नीने जावेला बारीकसारीक सगळं समजावलं, कनिष्ठेचा पदर कुठे टाचायचा इथपर्यंत. मग दोघी मुखवट्यांवरचं मऊ कापड नीट करत कितीतरी वेळ बसल्या. परतताना ऑटोत ती मला म्हणाली, "नदीवर ऊन असन ना फार? गोल बाजारात उतरू. टोपी पाहून घेते."

टोपी पाहता पाहता, दुकानदार आत वळला असताना, ती आणखी एक वाक्य बोलली. आम्ही जावा काहीही ठरवू, पण तुम्ही स्वतः जाऊन विचारलं नसतं, तर भाऊजींनी पेटी घेतली नसती आणि मी इथंच राहिली असती, असं ते वाक्य होतं. घरात सगळ्यांसमोर हे ती कधीच म्हणत नाही. विचारलं तर विषय बदलते, मिक्सर लावते. म्हणून तेवढं मी इथे लिहून ठेवतो आहे. बाकीच्यांनी आपापलं लिहावं.