धाकल्या मोटारीचं उजवं चाक

आधीच सांगून टाकतो... भुताखेतांच्या गोष्टी रंगवून सांगणाऱ्या माणसांचा मला मनापासून कंटाळा आहे. मी बारामतीला कालव्याच्या कचेरीत नकाशे काढतो. दिवसभर फूटपट्टी, कंपास आणि टोक काढलेली पेन्सिल. जे मोजता येतं ते खरं, बाकीच्यावर वेळ घालवू नये, असं मी चारचौघांत मोठ्या तोऱ्यात सांगायचो. आमच्या कचेरीतल्या शिपायाला एकदा सुप्याच्या बाजाराहून येताना चकवा लागला होता, तर मी आठवडाभर त्याची टर उडवली. आता त्याची माफी मागावीशी वाटते. पण मग कारणही सांगावं लागेल, आणि तेच तोंडाने जमत नाही — म्हणून इथे लिहितो आहे. नावं बदलली आहेत. बाकी जसं घडलं तसं.

आमचं घर गावाबाहेर, इंदापूरच्या रस्त्याला लागून. मागे कालव्याच्या पाण्यावरचा मळा — वांगी, कांदा, पेरूची चार झाडं. मळा माझा धाकटा भाऊ सदा बघायचा. आम्हा दोघांत नऊ वर्षांचं अंतर. वडील लवकर गेले, त्यामुळे त्याला मीच वाढवला म्हणा ना. स्वभाव अगदी उलटे, पण एक खोड सारखी — जुनी यंत्रं! कुणाचा मुका झालेला ग्रामोफोन, कुणाचं गंजलेलं शिलाईचं मशीन, टाकून दिलेला स्टोव्ह... सगळं आमच्या ओसरीवर येऊन पडायचं. सदा ते खोलून चालू करायचा आणि मी त्याची छोटी हुबेहूब प्रत बनवायचो. रॉकेलच्या डब्याचा नाहीतर बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापून, फुटाला एक इंच या मापाने. माझी बायको अनुसया म्हणायची, "एक मोडक्याचं नीट करतो, दुसरा नीट हाय त्येचं खेळणं करतो. ह्या घरात शाणं कोण म्हनायचं?"

पस्तीस सालच्या दिवाळीनंतर सदाने मोटार आणली. आणली म्हणजे बैल जुंपून ओढत आणली. फलटणच्या बाजूला कुणाच्या तरी छपरात ती पडून होती आणि तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. तिला चालती करायला त्याला वर्ष लागलं. गावातल्या गफूर मिस्त्रीकडे जाऊन बसायचा, एकेक भाग शिकायचा, घरी येऊन लावायचा. पहिल्यांदा इंजिन सुरू झालं तेव्हा गोठ्यातला एक बैल दावं तोडून थेट मळ्यात गेला. सदा भोंग्याचा रबरी फुगा दाबत अंगणात लहान पोरासारखा नाचला. त्याची बायको हौसा दारात उभी राहून पदर तोंडावर धरून हसत होती. आमच्या घरातला एवढा आनंदाचा दिवस मला दुसरा आठवत नाही.

त्या वर्षभरात मी तिची प्रत केली. सव्वा फूट लांब. पुढच्या काचेच्या जागी अभ्रकाचा पापुद्रा, भोंग्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा. चाकं फिरायची, आणि सुकाणू फिरवलं की पुढची दोन्ही वळायची. सदा तिला "धाकली" म्हणायचा, खरीला "थोरली". त्याने एक नियम घातला होता — थोरलीला जे होईल ते धाकलीला झालंच पाहिजे. टपाला ठिगळ लागलं की मी धाकलीच्या टपालाही बोटभर ठिगळ लावायचो. "न्हायतर खोटी ठरंल की रं दादा," असं त्याचं म्हणणं.

पुढच्या माघात पहिल्यांदा घडलं. सकाळी फडताळावरची धाकली पाहिली तर डाव्या मडगार्डला पोचा. मांजराने पाडली असेल म्हणून मी अनुसयेवर ओरडलो. ती म्हणाली, "मी हात लावला न्हाय. आन् मांजर पाडंल आन् परत वर ठिवंल व्हय?" रविवारी ठोकून सरळ करू म्हणून मी ती तशीच ठेवली. शनिवारी सदा इंदापूरहून आला तो हसतच. निमगाव केतकीला उसाची गाडी आडवी आली आणि डावं मडगार्ड चेपलं. मी फूटपट्टी घेऊन दोन्ही पोचे मोजले. थोरलीचा नऊ इंच, धाकलीचा पाऊण. अनुसयेला योगायोग म्हणालो, आणि मनातही तेच म्हणालो.

दुसऱ्या खेपेला, महिन्याभराने, धाकलीच्या अभ्रकाला तडा गेला होता. आता मात्र मी थांबलो नाही. त्याच तासाला नवा पापुद्रा कापून बसवला. दोन दिवसांनी सदा सांगत आला — "दादा, आज वाचलो बघ. म्होरच्या लॉरीच्या चाकाखालनं दगूड उडाला, ह्यो एवढा! काचंवर फाडदिशी बसला. आन् काच जशीच्या तशी! गफूर मिस्त्री म्हनला, असं कधी बघितलं न्हाय."

खरं सांगतो, त्या दिवशी मला भीती वाटली नाही. उलट छाती फुगली. मडगार्ड दुरुस्त केलं नाही तर चेपलं, काच बदलली तर वाचली... म्हणजे हिशेब बसत होता! मी कधीच मानलं नसतं ते माझ्या फूटपट्टीत येऊन बसलं होतं. आपल्या भावाची मोटार आपण घरबसल्या सांभाळतो आहोत, असं मला वाटू लागलं. रोज सकाळी चहाच्या आधी मी धाकली हातात घेऊन तपासायचो. अनुसयेला सांगितलं, सदाला नाही. तो माझी चेष्टा करेल याची लाज वाटली. एवढ्याशा लाजेने माणसाचं काय होतं ते पुढे येईलच.

चैत्रातला रविवार होता. हौसा माहेरी, इंदापूरला गेली होती आणि सदा तिला आणायला निघणार होता. अकरापर्यंत तयार राहा, असा त्याने निरोप धाडला होता. मी धाकली उचलली आणि तिचं पुढचं उजवं चाक माझ्या हातात आलं. आस मोडला होता.

मी आधी बाहेर गेलो. सदाला म्हणालो, "उजवं चाक बघू जरा." त्याने कुरकुर केली, पण जॅक लावला. मी स्वतः चाक फिरवलं. एका झटक्यात सात-आठ फेरे, गुळगुळीत, कुठे आवाज नाही. नट घट्ट. मोजण्यासारखं जे होतं ते सगळं मोजलं. सगळं ठीक होतं.

"झालं समाधान? आता जाऊ?" सदा म्हणाला.

"थांब जरा. आलोच."

आत येऊन स्टोव्ह पेटवला, कथलाचा डाग द्यायची तांब्याची सळई तापत ठेवली. अनुसया मागे येऊन उभी राहिली. चाक पाहून तिचा चेहरा उतरला.

"अवं, त्येस्नी आज जाऊ नगा म्हना."

"कशाला? दुरुस्त करतोय ना मी."

"दुरुस्त करा, न्हाय म्हनत न्हाय मी. पन आज जाऊ नगा म्हना. उद्या गेलं तर काय बिघडतंय? हौसा काय पळून चाललीया?"

"तुला कळतंय का काय? काच वाचली का नाही? तसंच हे चाक."

ती चुलीकडे वळली. आमच्या घरात माझ्या शब्दापुढे कुणी जात नसे, याचा मला अभिमान होता.

एरवी आस बदलायला मला तासभर लागला असता. नवी तार कापायची, घासायची, चाक मोकळं फिरतंय ना ते पाहायचं. पण बाहेर सदा भोंगा वाजवत होता. "दादा! काय करतुयास आत? ती दारात बसली आसंल तितं!" मी मोडका आस जागेवर धरला, डाग धरावा म्हणून नवसागर लावला आणि कथलाचा मोठा गोळा ओतला. निखळायला नको म्हणून आणखी एक ओतला. कथील वाहत चाकात शिरलं. गार झाल्यावर बोटाने ढकलून पाहिलं — चाक फिरत नव्हतं. वळतही नव्हतं. पण आता ते काही केल्या निघणार नाही एवढं नक्की होतं, आणि मला तेवढंच हवं होतं. धाकलीला कुठे इंदापूरला जायचं होतं?

बाहेर आलो आणि सदाला म्हणालो, "जा आता. बिनघोर जा."

हे माझे त्याच्याशी शेवटचे शब्द.

लासुर्ण्याच्या अलीकडे रस्ता कालव्याला चिकटून जातो आणि एकदम डावीकडे वळतो. त्या वळणाचा नकाशा माझ्याच हातचा आहे. त्या आठवड्यात कालव्याला पूर्ण पाणी सोडलेलं होतं, ते पत्रकही मीच लिहिलं होतं. पलीकडच्या माळावर एक मेंढपाळ म्हातारा होता. त्याने सगळं पाहिलं. नंतर मी त्याच्यासमोर जाऊन बसलो तेव्हा तो म्हणाला, "जोरात न्हवती मालक, बेतानंच येत हुती. वळनावर आली आन् एक चाक जाग्यावर बसलं बघा. ह्या हाताचं, उजव्या. फिरंना का वळंना. फरफटत चाललं. त्यो गडी सुकाणू ओढतुया, ओढतुया... मला त्येचं त्वांड दिसलं. पार पान्यात जाईस्तवर ओढत हुता."

मोटार उलटी पडली होती. सदा तिच्याखाली होता.

तिसऱ्या दिवशी चार बैलजोड्या लावून मोटार वर काढली. गफूर मिस्त्रीने पुढचं उजवं चाक उतरवलं. आत बोट घालून पाहिलं. मग मला बाजूला बोलावलं.

"नकाशेवालं, ह्ये बघा. हितं छर्रे आसत्यात. लोखंडाचं. त्येच्यावर फिरतं चाक. आन् ह्ये काय भरलंय?"

छर्ऱ्यांच्या मध्ये, सगळीकडून, पांढरा मऊ धातू गच्च बसला होता. त्याने नखाने ओरखडा काढून दाखवला.

"कथील हाय. कुनी वरनं डाग वतावा तसं. पन चाक तर बंद हुतं, आत वतनार कुठनं? पंधरा वर्सं ह्ये काम करतुया मी... न्हाय बा. माझ्या डोक्यात शिरत न्हाय."

मी म्हणालो, कुठला तरी बेअरिंगचा धातू वितळून आला असेल. मी ते चाक त्याच्या हातातून घेतलं आणि पालथं घातलं. भाऊ गेलाय म्हणून बघवत नाही, असं त्याला वाटलं असेल.

घरी येऊन मी धाकली घणाखाली धरली होती. घण घातला नाही. तिच्याबरोबर आणखी कुणाचं काय मोडेल, कसं सांगावं? पूर्वीचा मी असतो तर या विचाराला हसलो असतो. आता मला काहीच मोजता येत नाही. कचेरीत रेघ ओढताना हात अडखळतो. यंत्रं मी सगळी वाटून टाकली. कुणी बंद पडलेलं घड्याळ घेऊन आलं तर दारातूनच परत पाठवतो. अनुसयेने त्या दिवसाबद्दल एकदाही विषय काढला नाही. तिने एकदा कडाडून भांडावं, "सांगत हुते का न्हाय" म्हणून बोलावं, असं मला फार वाटतं. ती माझ्या ताटात भाकरी वाढते आणि आत जाते.

कालवा फुटावा किंवा खांब कोसळावा याला जसं कारण असतं तसं याला काही असेल, तर कुणी जाणकार वाचकाने मला जरूर कळवावं. वितळलेला धातू, योगायोग, माझ्या मनाचा खेळ... सगळं मी स्वतःला सांगून झालं आहे. मी जाऊ दिलं नसतं तर काही झालं नसतं का? चाक तसंच तुटकं ठेवलं असतं तर थोरलीचं निखळलं असतं आणि सदा रस्त्याकडेला बसून शिव्या देत मिस्त्रीची वाट बघत राहिला असता... असं तर नसतं ना झालं? दोन वर्षं झाली, मी अजून तिथेच आहे.

थोरली भंगारात गेली. धाकली हौसाने मागून घेतली. त्या दिवशी ती अकरापासून दिवेलागणीपर्यंत गाठोडं मांडीवर घेऊन माहेरच्या ओट्यावर बसली होती, आणि रस्त्यावरच्या प्रत्येक भोंग्याला उठून उभी राहत होती. तिच्याजवळ सदाचा फोटो नाही. तिच्या खोलीत कोनाड्यात आता धाकली आहे. रोज सकाळी ती पदराने पुसते. टपावरचं ठिगळ, मडगार्डचा पोचा, भोंगा... एकेकावरून बोट फिरवते. तिला यातलं काहीही माहीत नाही.

परवा दाराआडून म्हणाली, "भावजी, ह्येंच्या मोटारीचं समदं जसंच्या तसं केलंया तुमी. एवढं उजवं चाक तेवढं फिरत न्हाय. ह्येंच्या मोटारीचं तर किती छान फिरायचं. तेवढं करून द्याल का?"

मी "करतो" म्हणालो. दर दोन-चार महिन्यांनी ती विचारते आणि दर वेळी मी "करतो" म्हणतो.