व्ही-होल्डवरची कुंकवाची खूण

आमच्या घरी टीव्ही आला तेव्हा आनंद आईला झाला आणि धास्ती बाबांना. नागपुरात टीव्ही दिसायला लागून फार दिवस झाले नव्हते, आणि महालातल्या आमच्या गल्लीत तर तो पहिलाच. बाबा कचेरीत कारकून. दुधाने तोंड न पोळताही ताक फुंकून पिणारा माणूस. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की समोरचं बटण कोणीही दाबा, पण मागच्या बाजूला माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. मागे करंट असतो, आणि पिक्चर ट्यूब गेली की टीव्ही गेला. मला हे सगळं ऐकून चीड यायची. एवढी भीती होती तर आणायचा कशाला?

पण मागे हात लावावा लागायचाच. संध्याकाळी साऱ्या महालात दिवे लागले की व्होल्टेज पडायचं आणि चित्र पळायला लागायचं. म्हणजे बातम्या देणाऱ्या बाईचं डोकं खाली, गळ्यातली माळ वर, मधे काळा पट्टा, आणि हे सगळं एकामागून एक वर सरकत राहायचं. दुकानदाराने सांगितलं होतं की चित्र पडद्यावर एका ठरावीक तालात पुन्हा पुन्हा उतरत असतं. तो ताल चुकला की ते पळतं, आणि तो सांभाळायला मागे चार बटणांत एक व्ही-होल्डचं बटण असतं.

ते बटण फिरवायची बाबांची रीत ठरलेली होती. पायात रबरी चपला. एक हात पाठीमागे बांधलेला, दोन्ही हातांतून करंट जायला नको म्हणून. आधी आईच्या कोयरीतलं कुंकू पाण्यात कालवून आगकाडीच्या टोकाने बटणावर एक ठिपका आणि त्याच्यासमोर टीव्हीच्या डब्यावर दुसरा. हे दोन ठिपके समोरासमोर, ही मूळ जागा. मग तांदळाच्या दाण्याएवढं फिरवायचं, थांबायचं, पाहायचं. बिघडलं तर मुकाट्याने ठिपक्यावर परत. "परत याची वाट ठाऊक असल्याशिवाय पुढं पाय टाकायचा नाही," असं ते दर वेळी म्हणायचे.

पण मागे उभ्या माणसाला समोरचं चित्र दिसणार कसं? त्यासाठी भिंतीवरचा मोठा आरसा काढून मी पडद्यासमोर धरायची आणि बाबा टीव्हीच्या डोक्यावरून त्यात पाहायचे. एकदा बातम्यांआधीचं घड्याळ त्यांना आरशात उलटं फिरताना दिसलं. "पाह्य वं, दिल्लीवाल्यांचा वेळ मागं चालला," म्हणून ते स्वतःच हसले होते. टीव्हीच्या मागे उभं राहून बाबा हसले ते तेवढंच.

परत यायच्या वाटेचं ते वाक्य आमच्या घरात आणखी एका माणसासाठी वापरलं जायचं. माझा मोठा भाऊ, दादा. त्याने बँकेची लागलेली नोकरी सोडली आणि तबला घेऊन दिल्लीला निघून गेला. बाबा म्हणाले, यानं परत याची वाटच बुजवली. त्यानंतर त्यांनी दादाचं नाव घेणं सोडलं. गंमत अशी की लहानपणी त्याला तबल्याला बसवलं बाबांनीच. मांडीवर ताल धरून ते त्याचा रियाज ऐकायचे, मात्रा चुकली की स्वयंपाकघरातून ओरडायचे. पोरगं शिकावं पण त्यावर जगू नये, हे गणित मला तेव्हा कळलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

दादा जाऊन दोन वर्षं होत आली होती. दसऱ्याच्या आधी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात त्याचा फोन आला आणि आईला बोलावणं आलं. ती धापा टाकत परत आली. दसऱ्याला संध्याकाळी दिल्लीहून एका गायकाचं गाणं दाखवणार होते आणि साथीला दादा बसणार होता. आईने हे मला सांगितलं, बाबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. बाबांनी पान उलटून पेपर वाचणं चालू ठेवलं.

त्या दिवसापासून आईच्या तोंडी एकच गोष्ट. लाइट गेली तर? व्होल्टेज पडलं तर? एक पाव तासाचा कार्यक्रम, तेवढ्यात नेमकं चित्र पळालं तर? मी तिला धीर द्यायची आणि मनातून स्वतःच घाबरायची. दोन वर्षांत आईने त्याचा चेहरा पाहिला नव्हता. तो बरा आहे का, जेवतो का, हे तिला फोनवर ऐकायचं नव्हतं, पाहायचं होतं.

खंडेनवमी आली. सकाळी आईने विळी, अडकित्ता, शिलाई मशीन, बाबांची सायकल, सगळं धुऊन पुसून पूजेला लावलं. यंदा टीव्हीसुद्धा. झेंडूची माळ घातली, समोर हळदकुंकू लावलं. पूजेत ठेवलेलं हत्यार त्या दिवशी वापरायचं नसतं, म्हणून नवमीच्या संध्याकाळी टीव्ही बंदच राहिला. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट आई म्हणाली, एक दिवस त्यालेही आराम.

दसऱ्याला संध्याकाळ व्हायच्या आतच खोली भरली. सोनं द्यायला आलेली माणसं आपट्याची पानं हातात देऊन सतरंजीवर बसत होती. दादा टीव्हीवर येणार ही बातमी आईने गल्लीभर केलीच होती. बाबांनी टोपी घातली, खिशात पानं भरली आणि म्हणाले, "मी चाललो सोनं द्याले." आईने आलेल्यांसाठी सतरंजी सरकवली. मला मात्र संताप आला. आजच्या दिवशी तरी?

मी टीव्ही लावला. चित्र आलं आणि पळत सुटलं. असं कधीच पळालं नव्हतं. काही दिसत नव्हतं, नुसते पट्टे वर वर जात होते.

बाबा दारापर्यंत पोचले होते. आईने त्यांना हाक मारली नाही. ती पदराचं टोक मुठीत धरून पळत्या पट्ट्यांकडे बघत बसली होती. बाबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, मग टोपी काढून खुंटीला लावली, चामड्याच्या चपला उतरवून रबरी घातल्या आणि टॉर्च घेऊन टीव्हीच्या मागे गेले.

"हे काय करून ठेवलं?"

मी वाकून पाहिलं. चारही बटणांवर हळदकुंकवाची ताजी बोटं उमटली होती. डब्यावरही. बाबांचा ठिपका कुठे होता ते आता देवालाच ठाऊक.

"पूजा केली," आई म्हणाली. "साराच जीव तर मागं हाये त्याचा."

"माझी खूण होती इथं."

"पुसल्याशिवाय पूजा करत असतात का? ओल्या फडक्यानं पुसलं, मग लावलं."

म्हणजे पुसताना चारही बटणं फिरली होती. चारही दिसायला सारखीच, त्यातलं व्ही-होल्डचं कोणतं हेही तो ठिपकाच सांगायचा. मेकॅनिकचं दुकान दसऱ्याला बंद. शेजारच्या काकूंनी आमच्या घरी चला म्हणून सुचवलं, पण त्यांच्याकडे टीव्ही नव्हता, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं. मला हसू यायला हवं होतं, आलं नाही.

बाबांच्या कपाळावर घाम दिसत होता. परत यायची वाट नव्हती आणि पुढे पाय तर टाकायचा होता. त्यांनी एक हात पाठीमागे बांधला आणि पहिलं बटण हलवलं. चित्र काळं पडलं. परत आणलं. दुसरं हलवलं, तर चित्राच्या तिरप्या चिंध्या झाल्या. मी आरसा धरून उभी होते आणि पडद्याकडे वाकून बघायच्या नादात तो हलत होता.

"आरसा हालवू नको वं. मले दिसलं पाहिजे."

"काय दिसलं पाहिजे, चित्र का दादा?" मी म्हटलं.

"चित्र."

तेवढ्यात निवेदिकेचा आवाज आला. गायकाचं नाव, रागाचं नाव, आणि मग साथीला म्हणून दादाचं नाव. पडद्यावर पट्टे पळतच होते. बाबांनी तिसरं बटण धरलं. पट्टे हळू झाले, आणखी हळू, एक माणूस अर्धा वर अर्धा खाली दिसला, आणि मग थांबला. बाबांनी हात काढला. चित्र पुन्हा सुटलं. त्यांनी घाईने बटण धरलं, चित्र पुन्हा उभं राहिलं.

मग त्यांनी हात काढलाच नाही. टीव्हीच्या मागे, झेंडूच्या माळेवरून मान वाकडी करून, दोन बोटांत बटण घट्ट धरून ते उभे राहिले. जरा बोट ढिलं पडलं की चित्र थरथरायचं आणि सगळ्यांचा जीव वरखाली व्हायचा. गाण्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. आणि मग कॅमेरा बाजूला वळला.

दादा. सिल्कचा झब्बा, केस मानेपर्यंत वाढलेले. मान खाली, ओठ हलत होते, मात्रा मोजताना लहानपणी हलायचे तसेच.

"वाळला," आई म्हणाली. बाकी काही नाही. डोळे पुसायलासुद्धा तिने हात उचलला नाही, तेवढ्या वेळात कॅमेरा फिरला असता.

मी आरसा तसाच धरून होते. मला वाटलं, बाबा डोळे मिटून उभे असतील. चित्र थांबवायचं एवढंच त्यांचं काम, ते करून राहिले.

"हा उलटा काहून बसला?"

सगळ्यांनी पडद्यावरून नजर उचलून टीव्हीमागे बाबांकडे पाहिलं. बाबांचा आवाज चिरकला होता.

"तबला डाव्या हाताले, डग्गा उजव्या हाताले. कोणी बिघडवला याले? मी असा बसवला नव्हता."

आईने मान वर केली नाही. तिची नजर पडद्यावरच होती.

"उलटा नाही बसला तो. तुम्ही आरशात पाहून राहिले."

चित्र जागचं हललं नाही.

"मग बरोबर हाये," बाबा म्हणाले.